हवामानबदल आणि वाइनद्राक्षांची शेती : अनुकूलनविषयक विचाराची चिकित्सा (विशेष संदर्भ : नाशिक परिसर)

प्रस्तावना

हवामानाच्या इतिहासाची साधने शोधताना अभ्यासकांना ज्या अनपेक्षित ठिकाणी विपुल सामग्री सापडली, त्यांपैकी द्राक्षतोडणीच्या तारखा हे एक होय. मध्ययुगीन युरोपात तोडणीचा दिवस गावसभेने किंवा नगरपालिकेने जाहीर करावयाचा प्रघात होता. त्यामुळे त्या तारखा दप्तरात राहिल्या. फ्रेंच इतिहासकार इमान्युएल ल रॉय लादुरी यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गेल्या सहस्रकातील हवामानाचा मागोवा घेताना या नोंदींचा मोठ्या कौशल्याने वापर केला. पुढे थॉमस लाबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये बरगंडीतील बोन या गावची १३५४ पासूनची तोडणीची मालिका प्रसिद्ध केली. तीनुसार १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असे; १९८८ नंतर ती सरासरीने १३ दिवस अलीकडे आली आहे. सहा शतकांहून अधिक काळाच्या नोंदीत इतका ठळक पालट अन्यत्र दिसत नाही.

अशी नोंद हाती असल्यामुळे हवामानबदलाच्या चर्चेत वाइनद्राक्षाला एक प्रातिनिधिक स्थान मिळाले. द्राक्षबागा व वाइननिर्माते यांनी या बदलाशी जुळवून कसे घ्यावे, यावर गेल्या दोन दशकांत विपुल लेखन झाले. प्रस्तुत लेखात त्या लेखनातील काही प्रमुख भूमिकांची चिकित्सा करावयाची आहे. या भूमिका समशीतोष्ण प्रदेशांच्या अनुभवातून घडल्या आहेत. उष्ण कटिबंधातील, मान्सूनच्या छायेतील आणि तरीही दोन दशकांहून अधिक काळ व्यापारी प्रमाणावर वाइन निर्माण करणाऱ्या नाशिकसारख्या प्रदेशाला त्या लावून पाहिल्या, तर कोठे टिकतात आणि कोठे उसवतात, हा येथील मुख्य प्रश्न आहे. नाशिकला येथे केवळ स्थानिक उदाहरण म्हणून घेतलेले नाही. सिद्धान्ताची कसोटी त्याच्या कडेवरच लागते.

अनुरूपतेचे नकाशे

कोणता प्रदेश वाइनद्राक्षास अनुकूल, हे ठरविण्याची सर्वांत प्रभावी पद्धत अमेरिन आणि विंकलर यांनी १९४४ साली कॅलिफोर्नियासाठी मांडली. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात रोजचे सरासरी तापमान १० अंश सेल्सियसच्या वर जितके असेल, त्याची बेरीज करावयाची आणि त्या बेरजेवरून प्रदेशाचे पाच वर्ग पाडावयाचे, अशी ती पद्धत आहे. ती सुटसुटीत होती म्हणून जगभर रूढ झाली. ग्रेगरी जोन्स व सहकाऱ्यांनी २००५ साली २७ वाइनप्रदेशांच्या वाढीच्या हंगामातील तापमानाचा अभ्यास केला, तेव्हा याच परंपरेतील निकष वापरून प्रत्येक वाणासाठी तापमानाचा एक पट्टा निश्चित केला. पिनो न्वारला इतके ते इतके अंश, कॅबरने सोव्हिन्यॉंला त्याहून थोडे अधिक, अशी ती मांडणी.

या पट्ट्यांच्या आधारे ली हॅना आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याने मोठी खळबळ उडविली. उत्सर्जनाच्या तीव्र मार्गाने गेल्यास २०५० पर्यंत प्रमुख वाइनप्रदेशांतील अनुकूल क्षेत्र २५ ते ७३ टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. वृत्तपत्रांनी हा आकडा उचलला. वास्तविक त्या निबंधाचा महत्त्वाचा भाग निराळाच होता. बागा उत्तरेकडे अथवा उंचावर सरकतील, तेव्हा त्या वन्यप्राण्यांच्या अधिवासावर आणि गोड्या पाण्याच्या साठ्यांवर अतिक्रमण करतील. चीनमधील पांडाच्या डोंगराळ प्रदेशापासून उत्तर अमेरिकेतील यलोस्टोन-युकॉन पट्ट्यापर्यंत हा ताण पडेल, असा इशारा लेखकांनी दिला होता. एका पिकाचे अनुकूलन दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून घडते, हा विचार त्यात होता. आकड्यांच्या गदारोळात तो मागे पडला. ही त्या निबंधाच्या वाचनाची शोकांतिका म्हणावी लागेल.

हॅना यांच्या निष्कर्षांना बोर्दो येथील कॉर्नेलिस व्हॅन लीउवेन आणि अन्य संशोधकांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिले. त्यांचा युक्तिवाद साधा आणि मार्मिक होता. राइनगाऊ, बरगंडी, ऱ्होन खोरे या प्रदेशांत तापमान वाणाच्या कथित कमाल मर्यादेच्या वर गेले असूनही तेथे दर्जेदार वाइन निघत आहे. तेव्हा ती मर्यादा वेलीची नसून ती आखणाऱ्यांची आहे. एखाद्या वाणाची लागवड पूर्वी कोठे झाली यावरून तो वाण कोठे होऊ शकतो हे ठरविणे, यात इतिहासाला जीवशास्त्र समजण्याची चूक आहे. ही टीका ग्राह्य आहे. मात्र ती करणारेही बागेच्या मर्यादेतच विचार करतात. पांडाच्या डोंगराचा प्रश्न त्यांच्या उत्तरात उरत नाही. पुढे व्हॅन लीउवेन यांच्याच नेतृत्वाखाली २०२४ मध्ये झालेल्या व्यापक आढाव्यात सूर पुष्कळ सावध झालेला दिसतो. तापमानवाढ दोन अंशांच्या पुढे गेल्यास स्पेन, इटली, ग्रीस व दक्षिण कॅलिफोर्निया येथील किनारी आणि सखल भागांतील सुमारे ९० टक्के पारंपरिक वाइनप्रदेश शतकाअखेर धोक्यात येतील, असे तो आढावा सांगतो.

आता या नकाशाशास्त्राला नाशिकचे माप लावून पाहावे. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. पाठ्यपुस्तकांतील ३० ते ५० अंशांचा 'वाइनपट्टा' त्याच्या कितीतरी उत्तरेस राहतो. विंकलरची बेरीज एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांची आहे. नाशिकमध्ये या सात महिन्यांत वाइनद्राक्षाच्या वेलीवर बहुतांश काळ फळच नसते. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हा ही बेरीज नाशिकला लावणे म्हणजे बी.ए.च्या परीक्षेचा निकाल उन्हाळी सुटीतील हजेरीवरून लावण्यासारखे आहे. यावर कोणी म्हणेल की महिने बदलून घ्यावेत. ते करता येईल. पण तसे करताच एक अधिक मूलभूत अडचण उभी राहते. समशीतोष्ण प्रदेशात वेलीचे वर्ष हवामान सुरू करते. थंडी ओसरली की डोळे फुगतात, फुटतात. नाशिकमध्ये वेल कधीच पुरती झोपत नाही. तिचे वर्ष कात्री सुरू करते. अनुरूपतेच्या नकाशांना हे मानवी पाऊल मोजता येत नाही.

वाणबदलाचा उपाय आणि लेबलाची अडचण

नकाशांच्या वादाहून फलदायी अशी भूमिका मोरालेस-कास्टिया, एलिझाबेथ वोल्कोविच आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये घेतली. प्रदेश हलविण्याऐवजी वाण बदलावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ११ वाणांच्या अभ्यासातून त्यांनी दाखविले की, दोन अंश तापमानवाढीत आजच्या वाणांसह ५६ टक्के अनुकूल क्षेत्र गमवावे लागेल. वाण बदलण्याची मोकळीक घेतली तर हे नुकसान २४ टक्क्यांवर येते. चार अंश वाढीत मात्र हेच आकडे ८५ आणि ५८ टक्के असे होतात. म्हणजे विविधता ही ढाल आहे, पण ती अमर्याद नाही. एवढ्या संयमाने मांडलेला हा निबंध या विषयावरील लेखनात सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

तरीही 'वाण बदलावा' या शब्दांत जी सहजता आहे ती बागेत नाही. नवी वेल लावल्यावर पहिले भरवशाचे पीक येण्यास साधारणपणे तीन वर्षे जातात. बाग पुढे दोन दशके तशीच ठेवावयाची असते. बोर्दोने हा मार्ग धरला तेव्हा त्याची तयारी कितीतरी आधी सुरू झाली होती. तेथील शासकीय कृषिसंशोधन संस्थेने २००९ मध्ये ५२ वाणांची प्रायोगिक बाग लावली. उत्पादक संघाच्या ठरावानंतर २०२१ च्या जानेवारीत सहा नव्या वाणांना अधिकृत मान्यता मिळाली : आरिनार्नोआ, कास्तेत, मार्सेलान आणि तूरीगा नासियोनाल हे काळे, तर आल्व्हारिन्यो व लिलिओरिला हे पांढरे. मर्यादा अशी की, ते बागायतदाराच्या क्षेत्राच्या पाच टक्क्यांहून अधिक आणि वाइनच्या मिश्रणात दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत. अत्यंत सावध अशी ही सुधारणा आहे. परंतु तिच्यामागे एक सोय दडलेली आहे आणि ती लक्षात घेतल्याशिवाय बोर्दोचा धडा इतरत्र गिरविता येत नाही. बोर्दोच्या बाटलीवर प्रदेशाचे नाव असते. आत कोणत्या द्राक्षाचे किती प्रमाण आहे, हे ग्राहक सहसा विचारीत नाही. त्यामुळे नावाला धक्का न लावता आतला ऐवज हळूहळू बदलता येतो.

नाशिकमध्ये परिस्थिती उलटी आहे. कोणता वाण लावावा यावर येथे बोर्दोसारखे कडक नियम नाहीत. कायद्याने मोकळीक आहे. पण येथील वाइन शेनिन ब्लां, सोव्हिन्यॉं ब्लां, शिराझ, झिनफांडेल अशा वाणांच्या नावानेच विकली जाते. वाणाचे नाव हीच बाजारातील ओळख झाली आहे. ज्या देशात वाइन पिणाऱ्यांचा वर्ग अद्याप लहान आहे आणि त्याने नुकतीच चार-दोन नावे ओळखीची करून घेतली आहेत, तेथे अनोळखी वाणाची बाटली खपविणे हे बागेतील प्रयोगाहून कठीण ठरते. कायद्याने मोकळा असलेला प्रदेश लेबलाने बांधला जातो, ही गोष्ट वाणविविधतेच्या प्रतिमानांत कोठेही येत नाही.

याच संदर्भात महाराष्ट्रातील खाण्याच्या द्राक्षांचा इतिहास बोलका आहे. थॉम्पसन सीडलेस व अन्य वाणांच्या बागांत निसर्गतः निघालेल्या वेगळ्या काड्या हेरून, त्यांची कलमे वाढवून येथील बागायतदारांनी स्वतःचे वाण घडविले. सांगली भागातून तास-ए-गणेश आला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस दिले. ही निवड शेतकऱ्याच्या डोळ्याने झाली, आणि ती याच मातीत, याच पावसात झाली. वाइनद्राक्षाच्या बाबतीत मात्र वाण युरोपातून तयार नावानिशी आले आणि तयार चव घेऊनच आले. ती चव मोडेल असा फेरबदल करण्यास कोणाचीच तयारी नसते. हवामानाशी जुळवून घेण्याची जी जिवंत परंपरा शेजारच्याच बागेत होती, तिच्याशी वाइनद्राक्षाचा संबंध जुळला नाही. या तुटलेपणाची दखल आपल्याकडील लेखनात फारशी घेतली गेलेली नाही.

रोगप्रतिकारक संकरित वाणांविषयीही असेच म्हणता येते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२१ च्या नियमाने संकरित वाणांना नामनिर्देशित वाइनचे दरवाजे तत्त्वतः खुले केले. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन जातीच्या रक्ताचा, बुरशीजन्य रोगांना दाद न देणारा एआरआय ५१६ हा वाण विकसित केला. तो रस, बेदाणा, जॅम आणि लाल वाइन यांसाठी उपयुक्त असल्याचे संस्थेने म्हटले आहे. ज्या प्रदेशात केवडा हाच मुख्य शत्रू आहे, तेथे अशा वाणाला वाइनच्या चर्चेत अग्रस्थान मिळावयास हवे होते.

नाशिकचे वेळापत्रक

येथे मूळ प्रश्नाकडे वळावे लागते. युरोप-अमेरिकेतील लेखन वाचताना तापमान हा नायक आणि खलनायक दोन्ही असतो. उष्णता वाढली की साखर लवकर भरते, मॅलिक आम्ल लवकर जळते, सालीतील रंग व टॅनिन मात्र मागे राहतात. परिणामी मद्यार्क अधिक आणि तजेला कमी अशी वाइन निघते. डोळे लवकर फुटल्यामुळे उशिराच्या दहिवराची नवी भीती उत्पन्न होते. एप्रिल २०२१ मधील फ्रान्समधील नासाडी हे याचे उदाहरण होय. हे सर्व यथार्थ आहे. नाशिकमध्येही फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपार तापू लागली की वाइनरीची धांदल उडते, तोडणी रात्री किंवा पहाटे करावी लागते, थंड टाक्यांच्या विजेचा खर्च वाढतो. परंतु येथील बागायतदाराची झोप उडविणारी गोष्ट उष्णता नव्हे. अवेळी पाऊस ही ती गोष्ट आहे.

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तिच्यातून नव्या काड्या निघतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाची सूक्ष्म घडनिर्मिती याच उन्हाळ्यात, साधारणपणे छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत होते. त्यासाठी स्वच्छ ऊन लागते. पावसाळ्यात काडी पक्व व्हावयाची. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, ज्याला गोडी छाटणी असेही म्हणतात. येथील हिवाळा वेलीला पुरेशी विश्रांती देत नसल्यामुळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्ट लावावे लागते. पुढे फुलोरा, मणी धरणे, मण्यात पाणी उतरणे आणि तोडणी.

या प्रत्येक टप्प्याला पावसाचे एक निराळे संकट चिकटलेले आहे. फळछाटणीनंतर ढगाळ, ओले दिवस लाभले तर कोवळे घड जिरतात. फुलोऱ्यात पाऊस आला तर केवडा घडांवर उतरतो आणि मणीगळ होते. पक्वतेच्या वेळी आला तर मणी तडकतात. शेनिन ब्लांसारख्या घट्ट घडांच्या वाणात एक तडकलेला मणी सारा घड कुजवितो. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' चक्रीवादळाचा पाऊस, फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील दीर्घ गारपीट, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मधील लांबलेला परतीचा पाऊस, २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसरात झालेली गारपीट : ही मालिका वेलीच्या वेळापत्रकावर ठेवून पाहिली की ध्यानात येते, एकही टप्पा सुरक्षित उरलेला नाही. सर्वांत दुर्लक्षित टप्पा पहिला आहे. २०२५ मध्ये मे महिन्यातच राज्यभर पावसाने ठाण मांडले आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखलही झाला. हा पाऊस कोणत्याही घडावर पडला नाही, कारण वेलीवर घड नव्हतेच. तो पडला तो सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात, म्हणजे अद्याप जन्म न झालेल्या पिकावर. पंचनाम्याच्या कागदात या नुकसानीला रकाना नाही. निफाडच्या गारठ्याची बातमी दर हिवाळ्यात पहिल्या पानावर येते. मे महिन्यातील ढगांची येत नाही.

आता अनुकूलनाचे साधन पाहावे. नाशिकच्या बागायतदाराजवळ बरगंडीच्या बागायतदाराजवळ नसलेली एक गोष्ट आहे : तो वर्षाचा आरंभ स्वतः ठरवितो. छाटणी पंधरा दिवस पुढे ढकलली तर परतीच्या पावसातून फुलोरा वाचविता येतो. परंतु तेच पंधरा दिवस पक्वतेला मार्चच्या उष्णतेत आणि गारपिटीच्या तोंडी नेतात. छाटणी अलीकडे आणली तर थंड रात्रींत पक्वता साधते, आम्ल टिकते, वाइन तजेलदार होते. पण कोवळी फूट ऐन ओल्या दिवसांत सापडते. पावसाळा पुढे सरकत चालला आणि उन्हाळा अलीकडे येत चालला तर या दोहोंमधली खिडक अरुंद होत जाते. नाशिकपुरता हवामानबदलाचा नेमका अर्थ हाच आहे, आणि सरासरी तापमानाच्या कोणत्याही बेरजेत तो दिसत नाही.

छाटणीची तारीख ही एक ज्ञानव्यवस्था आहे, हे लक्षात घेतले तर जागतिक लेखनातील एक विसंगतीही उघड होते. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे कॅबरने सोव्हिन्यॉंच्या वेलींची भर उन्हाळ्यात पुन्हा छाटणी करून, नवे डोळे फोडून, पक्वता थंड दिवसांत ढकलण्याचा प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर स्पेनमध्येही तसे प्रयोग झाले. उष्णतेवरील नवा उपाय म्हणून त्यांची चर्चा झाली. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात दुहेरी छाटणीने तोडणी पावसाळ्यातून काढून कोरड्या हिवाळ्यात नेण्याचे तंत्र या शतकाच्या आरंभापासून विकसित झाले आणि त्यातून तेथे 'हिवाळी वाइन' हा स्वतंत्र प्रकारच उदयास आला. महाराष्ट्रातील बागायतदार दुहेरी छाटणी व एकच पीक ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आहेत. अनुकूलनाचे ज्ञान समशीतोष्ण देशांतून उष्ण देशांकडे वाहते हे गृहीतक येथे पूर्णतः उलटते. तरीही नाशिकच्या छाटणीच्या तारखांची, बोनसारखी, कोणी संगतवार मालिका केलेली नाही. महाविद्यालयांच्या भूगोल आणि वनस्पतिशास्त्र विभागांना सहज करता येण्याजोगे हे काम आहे. गावोगावच्या बागायतदारांच्या वह्यांत या तारखा पडून आहेत.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. ही तारीख नेहमीच बागायतदार ठरवितो असे नाही. बागलाण भागातील खाण्याच्या द्राक्षाचे उत्पादक हंगामापूर्वीचा चढा भाव मिळविण्यासाठी पावसाळ्यातच छाटणी करतात. तो जाणूनबुजून पत्करलेला धोका आहे आणि त्याचा लाभही त्यांचाच. वाइनद्राक्षाचा उत्पादक बहुधा कराराने बांधलेला असतो. वाइनरीच्या टाक्यांची क्षमता मर्यादित, म्हणून तोडणी टप्प्याटप्प्याने हवी. म्हणून छाटणीही ठरल्या क्रमाने. धोक्याचा दिवस एकाने निवडावा आणि धोका दुसऱ्याने सोसावा, अशी ही रचना होऊ शकते. अनुकूलनाचा विचार करताना 'निर्णय कोणाचा' हा प्रश्न 'उपाय कोणता' याच्या आधी विचारावयास हवा.

खर्चाचा वाटा

राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभारले, उत्पादन शुल्कात सवलत दिली. त्या उत्साहात अनेकांनी वाइनद्राक्ष लावले. २००८ मधील जागतिक मंदी आणि नोव्हेंबरमधील मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटन व हॉटेल व्यवसाय थंडावला, खप घटला, द्राक्षे उचलली जाईनात. पुष्कळांनी बागा उपटून पुन्हा खाण्याचे द्राक्ष धरले. वाइनद्राक्ष खाण्यासाठी बाजारात विकता येत नाही, हे त्यांना तेव्हा पुरते कळले. हा अनुभव ताजा असलेल्या उत्पादकाला 'हवामानासाठी वाण बदला' असे सांगताना त्याच्या बाजारजोखमीचा विचार नसेल, तर तो सल्ला पुस्तकीच राहतो.

प्लॅस्टिक आच्छादन हा अलीकडे सर्वाधिक सुचविला जाणारा उपाय. तो पाऊस आणि गारा दोन्ही अडवितो, फवारण्या कमी करतो. शासनाने त्यासाठी प्रायोगिक अनुदानही दिले. पण एकरी खर्च लाखांच्या घरात जातो. निर्यातीच्या खाण्याच्या द्राक्षाला तो कदाचित परवडेल. करारातील वाइनद्राक्षाच्या दराला परवडणे अवघड आहे. शिवाय प्लॅस्टिकखाली उष्णता वाढते आणि प्रकाश घटतो. वाइनद्राक्षात नेमक्या याच दोन गोष्टींवर चव अवलंबून असते.

पाण्याच्या बाबतीत हॅना यांच्या निबंधातील तो विसरलेला इशारा पुन्हा आठवावा लागतो. युरोपातील पुष्कळ नामनिर्देशित प्रदेशांत सिंचनावर परंपरेने निर्बंध होते. नाशिकची बाग ठिबकावाचून उभी राहू शकत नाही. वाइनद्राक्षाला पाणी इतर नगदी पिकांहून कमी लागते, ही गोष्ट खरी. डॉगरिज आणि ११०-आर यांसारख्या खुंटांनी पाण्याचा ताण व क्षार सोसण्याची शक्ती वाढविली, तीही मोठी उपलब्धी आहे. परंतु टंचाईच्या वर्षी प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी भूजल उपसून भरली जातात, तेव्हा एका बागेची सुरक्षितता शेजारच्या विहिरीच्या तळातून येते. नाशिक हे गोदावरीच्या उगमाकडचे क्षेत्र आहे. खाली जायकवाडी आणि मराठवाडा आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये वरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्याची तत्त्वे ठरविल्यापासून टंचाईच्या वर्षी हा तंटा उभा राहतो. त्या तंट्यात वाइनद्राक्षाचे नाव फार लवकर घेतले जाते. क्षेत्राच्या मानाने ते अन्यायाचे आहे. ऊस त्याहून कितीतरी अधिक पाणी पितो. पण मद्यासाठी पाणी आणि सार्वजनिक पैसा का द्यावा, हा प्रश्न केवळ उसाकडे बोट दाखवून मिटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइनविक्रीस परवानगी देण्याच्या निर्णयावर जो वाद झाला, त्यात शेतकऱ्याचे हित आणि समाजाचे हित परस्परांसमोर उभे करण्यात आले. दोन्ही बाजूंना बाग दिसत नव्हती. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे खुंट, रोग व छाटणीविषयीचे काम खाण्याच्या, बेदाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षास सारखेच उपयोगी पडते. तेव्हा संशोधनावरील सार्वजनिक खर्चाचे समर्थन सोपे आहे. आच्छादनावरील आणि शेततळ्यांवरील अनुदानाचे तसे नाही. तेथे लाभ कोणाला आणि पाणी कोणाचे, हे प्रत्येक वेळी तपासावे लागेल.

राहिला विमा. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत प्रत्यक्ष नुकसान मोजले जात नाही. महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीने ठरावीक मर्यादा ओलांडली की भरपाई देय होते. द्राक्षपट्ट्यात पाऊस एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात पडत नाही, हे कोणताही बागायतदार सांगेल. केंद्रावर कोरडे ऊन आणि बागेत सडलेला फुलोरा, ही तक्रार त्यामुळे नवी नाही. गारपिटीचे संरक्षण मूळ विम्यात नसते. त्यासाठी स्वतंत्र जादा हप्ता भरावा लागतो आणि गारपिटीचा दावा मात्र प्रत्यक्ष पाहणीने ठरतो. विम्याचे धोके फळछाटणीनंतरच्या महिन्यांकडे पाहून आखलेले आहेत. खरड छाटणीनंतरच्या मे-जूनमधील ढग आणि पाऊस, ज्यांच्यावर पुढील हंगामातील घडांची संख्या ठरते, त्या आखणीबाहेर राहतात.